पाण्याखालचा माझा वाटा

मी, रुक्मा उमाजी वेळीप, वय चौऱ्याहत्तर, राहणार कुंभारवाड्याजवळ, तालुका जोयडा, हे मृत्युपत्र करून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे, पोट नाही. बेळगावच्या डॉक्टरनं पोटातली गाठ बघितली आणि मला सोडून माझ्या मुलाशी बोलला, त्यावरून काय ते समजले. माझ्यावर कोणाचा धाक नाही, भीड तर कधीच नव्हती. शाळा दुसरीपर्यंत, म्हणून मी सांगते आणि पंचायतीतून निवृत्त झालेला येसाजी लिहितो. दार उघडं ठेवून मोठ्यानं सांगते आहे, कारण जिच्यासाठी हे चाललंय ती माझी नात रक्षिता आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली आहे. शिमग्यापासून ती कोणाशी बोललेली नाही.

"आधी ती का पडली ते लिही," मी म्हणाले.

"काकी, मृत्युपत्रात असलं लिहीत न्हाईत."

"मरणार मी का तू?"

तर ते असे. रक्षिता बंगळूरला गणित शिकली, मग कायदा, मग दोन्ही मिळून मोठा प्रबंध लिहायला बसली. दोन देशांच्या मधल्या समुद्रात हद्द आखतात, दोन्ही किनाऱ्यांपासून सारख्या अंतरावर. ती आखायला गणित लागतं आणि मानायला देशादेशांमधला कायदा. आता समुद्र चढतोय. एका देशाचा किनारा बुडाला, तर हद्द सरकवायची, की होती तिथंच धरायची? हा तिचा प्रश्न. मला विचारला तेव्हा मी भाकरी थापत होते. म्हटलं, "बुडणाऱ्याकडनंच आणि काढून घ्यायचं व्हय?" ती हसली. म्हणाली, "आज्जी, तेवढंच सिद्ध करायला माझी वर्षं जाणार हायत."

गेली. मग कायद्याचे गुरुजी म्हणाले हे गणित आहे, गणिताचे म्हणाले हा कायदा आहे. दोन गोठ्यांची म्हैस, दावं कुठंच नाही. मे अखेरीस नीट करून परत दिलं नाही तर सगळं रद्द. पोरगी गाठोडं घेऊन घरी आली ती अशी आडवी झाली. विनायक, माझा मुलगा, तिचा बाप, वाईट नाही, घाबरलाय. खानापूरचं स्थळ घेऊन आलाय. "आये, लगीन झालं की उठंल ती." लग्न म्हणजे काय तापाची गोळी?

आता वाटण्या.

घर विनायकाला. पण आतली खोली रक्षिताची, ती म्हणेल तोवर. तिचे कागद कोणी न्हाणीच्या चुलीत घातले तर त्याचा घरावरचा हक्क त्याच घडीला संपला. विनायका, हे तुला आहे, इकडंतिकडं बघू नको.

रानातलं शेत सासऱ्यांपासून कसतो, पण कागद नाही. वनखातं म्हणतं आमचं. जे माझं नाही ते देता येत नाही, असं येसाजी सांगतो. रानडुकरं मृत्युपत्राशिवायच घेतात.

कोनांचे कंद खणायची पहार सून सुमंगलाला. माझ्यापेक्षा तिचा हात चांगला. तोंडावर कधी म्हटलं नाही, आता लिहून देते. म्हैसही तिचीच.

पोस्टातले पैसे रक्षिताच्या परत जाण्याला. बाराव्याला गाव जेवू घालू नये. माझा भाऊ शिवानंद यानं तर माझ्या दारात चहासुद्धा पिऊ नये. त्याचं कारण हे. आमचं माहेर सुप्याच्या धरणात गेलं. बापाच्या शेताची भरपाई त्यानं घेतली आणि आपल्याला बहीण आहे हे साहेबाला सांगितलंच नाही. माझी सही कोणी मागितली नाही, मी हक्क सोडला असं कुठं लिहून दिलं नाही. म्हणून त्या शेतातला माझा वाटा, बुडालेल्या पिंपळाच्या <s>उत्तरेचा</s> दक्षिणेचा, आजही माझाच आहे असं मी धरते, आणि तो रक्षिताला देते.

येसाजीनं पेन खाली ठेवला. "काकी, हे कोर्टात टिकायचं न्हाई."

"टिकवायला शिकली न्हवं ती?"

"अवो, पाण्याखाली हाय ते!"

"मग तिचे देश तरी कुठं कोरडे हायत?"

रक्षे, आता हे तुला. मला रडून सांगता येत नाही. उशाशी बसून झालं, पेज भरवून झाली, शिव्या घालून झाल्या. देवाला कौल लावला, त्यानंही उजवा दिला नाही. माझ्याकडे आता मरण तेवढं उरलंय, तेच वापरते.

माझी राख गोकर्णाला नेऊ नये. माझ्या वाट्यावर, पाण्यात सोडावी. तिथं वरून पाण्याशिवाय काही दिसत नाही. जागा एकट्या रक्षिताला ठाऊक आहे. जुने नकाशे लावून, मला होडीत बसवून तिनंच ती काढली होती. ती उठून, स्वतः येऊन जागा दाखवेपर्यंत मडकं परसातल्या फणसाला टांगून ठेवावं. विनायकानं परस्पर उरकू नये. मे सरला, पाऊस लागला, तरी टांगलेलंच. मला काय घाई?

याआधी मी असं काही लिहिलेलं नाही, आणि यानंतर लिहायला उरेन असं वाटत नाही.

सही: रुक्मा उमाजी वेळीप

आम्हा दोघांसमोर बाईंनी सही केली व आम्ही त्यांच्यासमोर केली:
१. इंदुबाई गावडा, शेजारीण
२. परशू मिराशी, जीपवाला

लिहिणार: येसाजी देसाई
ठिकाण: कुंभारवाडा. तारीख: २० एप्रिल २०२५

खाडाखोडीबद्दल: सह्या चालू असताना आतून आवाज आला, "उत्तरेचा न्हवं, आज्जी. दक्षिणेचा." इंदुबाईच्या हातातला पेन पडला. मी विचारलं, "नक्की का?" "मोजलंय मी." "मग हितं येऊन येसाजीला दाखव." ती उंबऱ्यापर्यंत आली, भिंतीला धरून उभी राहिली आणि नकाशाची गुंडाळी कुठं ठेवली म्हणून आईला विचारलं. त्याप्रमाणे वर 'उत्तरेचा' खोडून 'दक्षिणेचा' केले आहे व साक्षीदारांनी बाजूला पुन्हा सह्या केल्या आहेत.

माहेर माझं होतं. उत्तर कुठली नि दक्षिण कुठली हे मला ठाऊक नव्हतं असं कोणी समजू नये.

सही: रुक्मा उमाजी वेळीप