डावी राजी, उजवी रुसली

अहो, ऐकता का,

उखाण्याची एक वेळ सोडली तर तुमचं नाव मी उभ्या जन्मात घेतलं नाही. आता पत्राच्या डोक्यावरही घेणार नाही. हाक ओळखीची आहे, तेवढी पुरे.

लिहायला बसले त्याचं कारण असं, की आज दुपारी मी रेखाच्या बांगड्यांच्या दुकानात गेले होते. तुम्ही गेल्यावर चार महिन्यांनी. बांगड्या भरायला नव्हे, हे सांगायला नकोच. तिच्या खांद्यावर तुमच्या हातची पिन असते, ती परत मागायला गेले होते.

दचकलात ना? मला वाटलंच. तुम्हाला वाटत होतं, शोभाला काही दिसत नाही. अहो, जन्म अंगणवाडीत गेला माझा. डाळीचं पोतं आलं की मी आधी त्याची शिवण बघायची, मग वजन, मग आणणाऱ्याचं तोंड. मूल वजनकाट्यावर बसलं की त्याच्या मुठीत काही आहे का ते बघायची. रजिस्टर हातात घेतलं की पहिल्या पानापासून वाचायची. सगळ्या कामरगावात माझ्या संशयाला तोड नव्हती, असं तुम्हीच पाहुण्यांना हसून सांगायचात. मग माझ्याच घरात मी डोळे मिटून कशी बसेन?

पण सुरुवातीपासून सांगते. तुमची सवय वेगळी, अर्धं सांगायचं आणि अर्धं खिशात ठेवायचं.

या सगळ्याच्या मुळाशी मीच आहे, हे कबूल. कारंज्याला लग्नाला निघालो होतो, जीपमध्ये माणसावर माणूस. धनजच्या अलीकडे एक दणका बसला आणि माझ्या खांद्यावरची पिन उघडली. टोक शेजारच्या बाईच्या दंडात, पदर माझ्या मांडीवर. ती बाई ओरडली, सगळी जीप वळून बघायला लागली. घरी आल्यावर मी ती पिन तुमच्यापुढे आपटली होती, आठवतं?

"साऱ्या दुनियेचे कुलपं दुरुस्त करता तुमी, अन् घरच्या बायकोच्या पदराले एक कुलूप नाई?"

तुम्ही पिन उचलली, उजेडात धरली. "कुलूपच पाह्यजे का तुले? करतो."

झालं! छत्र्या, कुलपं, बॅगांच्या चेनी एका बाजूला आणि पिन एका बाजूला. मोडक्या छत्र्यांच्या स्प्रिंगची तार, तेलाच्या डब्याचा पत्रा, बारीक कानस. पहिली पिन तयार झाली ती तुम्ही किती ऐटीत माझ्या हातावर ठेवली होती! मी ती लावून शिरपूरला भाचीच्या साखरपुड्याला गेले. ओढली, हिसडली, लहान पोरं पदराला लोंबकळली, पिन हलली नाही. मी मनातल्या मनात तुमची पाठ थोपटली.

मग जेवणं झाल्यावर साडी बदलायला आत गेले, तर पिन उघडेचना! मी झाले, दोन्ही नणंदा झाल्या, शेजारून पकड मागवली. शेवटी कात्रीनं पदराचं टोक कापावं लागलं, माझ्या डाळिंबी साडीचं! घरी येऊन मी रडकुंडीला आले तर तुम्ही पोट धरून हसलात. "लॉक झाली ना पक्की? तूनंच तं म्हनलं होतं."

"बंद होऊन काय उपेग? उघडाले तं पाह्यजे ना!" मी म्हणाले.

तुम्ही हसायचे थांबलात. "हे बाकी खरं बोलली तू," म्हणालात. आणि त्या दिवसापासून तुम्ही त्या पिनेचेच झालात. ओढली तर आणखी घट्ट बसावी, पण दोन बोटांच्या चिमटीत टोपी दाबली की आपोआप सुटावी. ऐकायला एवढंसं आहे. तुमचं वर्ष त्यात गेलं.

आणि त्याच वर्षी माझ्या मनात पाल चुकचुकायला लागली.

आधी शर्ट गेले. जन्मभर बटणाचा शर्ट घालणारा माणूस अचानक टी-शर्ट घालायला लागला. या वयात! मी विचारलं तर म्हणालात, "हवा लागते." मग जेवायला चमचा आला. वरण-भात चमच्यानं! हे कोणी शिकवलं? सप्ताहात तुम्ही प्रसाद डाव्या हातात घेतलात तेव्हा चारचौघांत मी तुम्हाला बोलले. तुम्ही उजवा हात खिशात घातलेला तसाच ठेवलात. मला वाटलं, खिशात काहीतरी आहे. घरी आल्यावर मी तो खिसा तपासलासुद्धा. काही नव्हतं. नव्हतं, म्हणून संशय आणखी वाढला, अशी मी.

पुढे रेखाच्या खांद्यावर ती पिन दिसली. तुमच्या हातची कारागिरी मी ओळखणार नाही? टोपीची कड तुम्ही जरा आत वळवायचात, बोटाला लागू नये म्हणून. माझ्या खांद्यावर बाजारातली पिन, आणि तिच्या खांद्यावर तुमची! हिरव्या बांगड्या उगीच चाळल्या आणि परत आले.

मग ती वही. खताच्या दुकानाची जुनी डायरी, तुमच्या पिशवीत चष्मा शोधताना हाती लागली. मधलंच पान उघडलं. तुमचं ते किरटं अक्षर:

"सोमवार. डावी राजी. उजवी रुसली."

"मंगळवार. डावी राजी. उजवी अर्धवट."

"गुरुवार. उजवी आली एकदाची! पण थोडाच वेळ."

"शनिवार. उजवीचा भरवसा नाही. सारं डावीवर."

अहो, तुम्हीच सांगा. कोणत्या बायकोनं दुसरं काय वाचलं असतं? घरची ती डावी आणि बाहेरची ती उजवी! इतकी वर्षं संसार करून मी डावी ठरले, आणि मी राजी आहे असंही तुम्हीच परस्पर लिहून टाकलं! माझ्या अंगाची लाही लाही झाली. वही होती तशी ठेवली. मी काही आदळआपट करणाऱ्यांतली नव्हे. मी पुरावा गोळा करणाऱ्यांतली.

पण दुसऱ्या दिवशी ताट वाढताना राहवलं नाही. तिरकस विचारलं, "मंग? उजवी कशी हाये आता?"

तुमचा चमचा थांबला. तुमचा चेहरा मला अजून दिसतो. चोरी पकडल्यासारखा, पण कुठेतरी सुटल्यासारखाही. उजवा हात तुम्ही ताटाखाली घेतलात.

"तुले समजलं का मंग?"

"समजलं."

"बरी हाये. कवा कवा रुसते." मग म्हणालात, "मनीषाले सांगू नको. ते तिकडं वाशीमले उगाच जीवाले लावून घेईन."

मुलीला सांगू नको म्हणे! मी ताट तसंच सोडून उठले. त्यानंतर मी तुमच्याशी कामापुरतंच बोलले. चहा ठेवलाय, पाणी भरलंय, वीज गेली. पंधरा दिवस! तुम्ही दोनदा काहीतरी बोलायला आलात आणि माझं तोंड बघून परत गेलात. मी मनात म्हटलं, जा, उजवीकडे जा.

सोळाव्या दिवशी सकाळी तुम्ही तुमच्या दुरुस्तीच्या दुकानात कोसळलात. दवाखान्यात नेताना तुमच्या डाव्या मुठीतून एक पिन काढली, तीही रेखासाठीचीच समजून मी ट्रंकेत फेकली.

अकोल्याला डॉक्टरांनी मला विचारलं होतं, "याआधी कधी हाताची पकड सुटणं, बोटं बधिर होणं, असं काही झालं होतं का? मोठा झटका यायच्या आधी शरीर कधी कधी सूचना देतं." मी ठामपणे सांगितलं, नाही. मनीषा माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, मला न सांगता यांचं काही होत नाही. असं म्हटलं मी, अहो! तोंडावर पदर धरून, छातीठोकपणे.

तुम्ही तिथून घरी आलात ते आडवेच. मग बायकांनी माझं मंगळसूत्र काढलं. त्यात अडकवलेल्या माझ्या दोन पिना होत्या, एक बाजारातली आणि एक ती शिरपूरची अडेलतट्टू. मंगळसूत्राबरोबर त्याही कोणीतरी बाजूला ठेवल्या. मी त्या तेवढ्या झडप घालून उचलल्या. सगळ्यांना वाटलं, दुःखानं भान गेलं. खरं सांगू? मला त्याही वेळी वाटलं, तुमच्या हातची ही पिन रेखाच्या हाती लागायला नको.

वही मी ट्रंकेच्या तळाशी दडवून ठेवली. मनीषाच्या नजरेला पडू नये म्हणून. बापाचं नाव खराब व्हायला नको. बघा, रागातसुद्धा मी तुमची अब्रू झाकली.

आणि आज गेले रेखाकडे. गिऱ्हाईक कोणी नव्हतं. स्टूल पुढे करून बसा म्हणाली, बसले नाही. म्हटलं, "तुह्या खांद्यावरची ते पिन माह्या घरच्या मानसाच्या हातची हाये. मले ते वापस पाह्यजे."

तिनं डाव्या हाताची दोन बोटं खांद्यावर नेली, दाबली, पिन सुटली. माझ्या तळहातावर ठेवली. तिचा पदर घसरला, तो तिनं तसाच हातानं धरून ठेवला.

"न्या वैनी. तशीई ते तुमाचसाठी बनून राह्यली होती. म्या फक्त लावून पाहत होती. भाऊ मने, दिवसभर पदर सावरनारी बाई पाह्यजे, म्हंजे पिन उघडते का नाई ते समजते."

"अन् डाव्या हातानंच काहून उघडली तूनं?"

"भाऊनंच शिकोलं. त्यायची उजवी चिमूट बसतच नोती ना. कवा बसे, कवा नाई. मनून डाव्या चिमटीनंई उघडाले पाह्यजे अशी केली त्यायनं."

मी तिच्या त्या मघाच्या स्टुलावरच बसले.

"म्या म्हनलं त्यायले, भाऊ, वैनीले सांगा, दवाखान्यात जा. तं मने, तिले मालूम हाये. तिनं इचारलं बी. लपवलं मनून राग आला तिले, बोलून नाई राह्यली. राग उतरला का तिच्यासंगंच जातो अकोल्याले."

तिले मालूम हाये!

अहो, काय केलंत हे? आणि मी काय केलं? पंधरा दिवस तुम्ही माझ्या रागाचा पारा उतरायची वाट बघत होता. तुम्हाला वाटलं, हिला माझा हात जातोय हे ठाऊक आहे आणि तरी ही तोंड फिरवून बसली आहे. मला वाटलं, यांना बाई ठेवल्याची लाजसुद्धा नाही. एकाच ताटाशी बसून आपण एकच शब्द बोललो आणि दोन वेगळ्या गोष्टी ऐकल्या. तुम्ही पुढे 'चिमूट' एवढं म्हणाला असतात तर? मी 'कोण ती' एवढं विचारलं असतं तर?

घरी येऊन ट्रंक उपसली. वहीचं पहिलं पान उघडलं. "नवी पिन. चिमटीची परीक्षा. रोज सकाळी दुकान उघडल्यावर. डावी चिमूट, उजवी चिमूट." स्वच्छ लिहिलंय, खाली रेघ मारून. प्रत्येक रजिस्टर पहिल्या पानापासून वाचणारी मी, आणि नवऱ्याची वही मधूनच उघडली!

शेवटचं पान तुम्ही कोसळलात त्याच सकाळचं. "उजवी आलीच नाही. डावी राजी. पिन झाली. शोभीचा राग गेला का देतो."

तुमच्यावर माझा अजून राग आहे, हे लपवणार नाही. पहिल्यांदा बोटं सुन्न झाली त्याच दिवशी का नाही बोललात? रेखाला सांगता येतं, मला नाही? काय भीती वाटली, मी दुकानाला कुलूप लावीन? लावलंच असतं! आणि आत्ताही मला वाटतं, तुम्ही आणखी काहीतरी लपवलं असेल. पाय? नजर? वही मी आता तीनदा वाचली, सापडलं नाही. चौथ्यांदा वाचीन.

ट्रंकेतली ती तुमच्या मुठीतली पिन मी लावली आहे. ओढून बघितली, जोरात, रागानं. जागची हलली नाही. मग डाव्या चिमटीत दाबली, सुटली. उजव्या चिमटीत दाबली, सुटली. कसलाच आवाज नाही. मी आरशापुढे उभी राहून कितीदा तरी लावली आणि काढली. फार चांगली केलीत हो! सांगायला तुम्ही हवे होतात.

आता माझा शब्द ऐका. तुमची वही बंद होणार नाही. रोज सकाळी पदर लावताना मी दोन्ही चिमटींची परीक्षा घेईन आणि खरं ते लिहीन. ज्या दिवशी एक जरी रुसली, त्या दिवशी मनीषाला फोन करीन, चुलीवरचा चहा उतरायच्या आत. आणि संशय तर मी घेतच राहणार, तो काही सुटायचा नाही. पण यापुढे ज्याचा येईल त्याला तोंडावर विचारीन, पूर्ण वाक्यात. रेखाची पिन उद्या तिला परत देणार आहे. मला तुमच्या डाव्या मुठीतून निघालेली ही आहे.

आजचं लिहून झालंय, तुमच्याच ओळीखाली: डावी राजी. उजवी राजी.

तुमची डावी आणि उजवी, दोन्ही,
शोभा