चौदा नंबरचा कोन

३ मार्च, मंगळवार

चौदा नंबर काही केल्या जुळेना! यंत्राच्या भांड्याच्या भिंतीवर चाळीस छोट्या कॉइल – चुंबकीय क्षेत्र मोजणारी तारेची वेटोळी. आत प्लाझ्मा – इतका तापलेला वायू की काही आत घालून मोजायची सोय नाही. मग काय, बाहेरच्या कॉइलींचे आकडे घ्यायचे आणि ते सगळे एकदम जुळतील असा त्याचा आकार गणिताने शोधायचा. हे माझं काम. एकोणचाळीस जुळतात. चौदाचं चिन्ह बरोब्बर उलटं, अधिकच्या जागी उणे.

बैठकीत मी म्हणाले, तारा उलट्या जोडल्यात, डोळे मिटून जोडल्या असतील कुणीतरी. सगळे हसले. जोडणारा माझा नवराच! तोही हसला. मग हळूच म्हणाला, तपासून जोडल्या होत्या.

९ मार्च

चूक माझी. माझीच! कुठली कॉइल कुठे, कोणत्या कोनात बसली आहे ती यादी मी भरलेली. चौदाच्या ओळीत तेराचाच कोन डकवलाय – नव्वद. ड्रॉइंगमध्ये दोनशे सत्तर. कॉइलचं तोंड मी यादीत उलटं फिरवलं आणि खापर फोडलं ह्याच्या माथी.

उद्या विभागप्रमुख बाईंना सांगते.

१० मार्च

नाही सांगितलं.

१२ मार्च

बाईंनी माझं कौतुक केलं. चौदाची चूक पकडलीस म्हणून बरं, म्हणाल्या. ऐकून घेतलं मी. निमूट!

नव्या यंत्राच्या सगळ्या कॉइल बसवायचं काम ह्याला मिळणार होतं. सहा वर्षं वाट बघतोय. आता बाई म्हणतात, आधी भांडं उघडू, मग ठरवू. म्हणजे हा आत जाणार, तारा सरळ दिसणार, तोच सांगणार आणि विषय मिटणार. मला तोंड उघडायलाच नको. भित्री कुठली.

सासूबाई म्हणाल्या, दोघं एकाच ठिकाणी नोकरीला, मग घरी बोलायला उरणार काय! मी हसले.

१९ मार्च

हा आज भांड्यात उतरला. घरी येऊन गुडघे चोळत बसला. चहात साखर घालायची राहिली. तो तसाच प्यायला.

२० मार्च

बाईंनी ह्याचा अहवाल वाचून दाखवला. ‘चौदाच्या तारा उलट्या होत्या. चूक माझी. दुरुस्त केल्या.’ कुणाला काही बोलायचंय का, त्यांनी विचारलं. ह्याने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत बसले. नव्या यंत्राचं काम दुसऱ्याला गेलं.

आणि मला हायसं वाटलं. लिहूनच ठेवते – हायसं वाटलं. म्हटलं, असतीलही खरंच उलट्या. शी!

२३ मार्च

यंत्र पुन्हा सुरू. चौदाचा आकडा उणेच, अगदी पहिल्यासारखा. तारांना ह्याने हातच लावलेला नाही!

घरी आल्या आल्या विचारलं. तो कपड्यांच्या घड्या घालत होता.

“आत जायच्या आधी तुझी यादी बघून गेलो होतो,” म्हणाला. “वाटलं, सांगशील तू.”