सरांच्या वाढदिवसाची तक्रार

रविवार, ११ ऑक्टोबर

दादास,

नमस्कार. तू, वहिनी आणि मुलं खुशाल असाल असं धरून चालते. इथे बाबांची तब्येत ठीक आहे. भूक चांगली लागते. उजवा गुडघा जरा सुजलाय, डॉक्टरांनी शेकायला सांगितलंय, मी रोज शेकते. चष्म्याची काच बदलून घेतली. यातलं काही तू विचारलेलं नाहीस, पण पत्राच्या सुरुवातीला खुशाली लिहायची असते म्हणून लिहिली.

आता तुझ्या पत्राबद्दल. ते मला आलेलं नाही. आमच्या वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकबाईंना आलं, टाइप केलेलं, खाली तुझी ती लफ्फेदार सही. बाईंनी मला समोर बसवून ते मोठ्याने वाचलं. 'संबंधित कर्मचारी महिलेने माझ्या वयोवृद्ध वडिलांना कागदी मुकुट घालून चारचौघांत त्यांचा तमाशा केला. छायाचित्रात ते रडताना स्पष्ट दिसत आहेत.' संबंधित कर्मचारी महिला. दादा, एका पांघरुणात झोपायचो आपण. निदान 'माझी बहीण' एवढं तरी टाइप करायचं होतंस. बोटं झिजली नसती.

पण ते तू लिहिणार कसं? दोन वर्षांपूर्वी बाबांना इथे आणलंस तेव्हा तूच मला बजावलं होतंस, की कर्मचाऱ्याचे नातेवाईक इथे घेत नाहीत, तेव्हा ओळख दाखवू नकोस, नुसतं लक्ष ठेव. मी ठेवलं. सगळे त्यांना 'सर' म्हणतात, मीही 'सर' म्हणते. ते मला 'बाई' म्हणतात. त्यांना मी आठवतच नसल्यामुळे नाटक करायची वेळ माझ्या एकटीवरच आली. तू दोन वर्षांत दोनदा आलास. दुसऱ्यांदा तर गाडी चालूच ठेवली होतीस.

तुझ्या पत्राने काय झालं ते तुला कळायला हवं. चौकशी होईपर्यंत गुरुवारचे सगळे कार्यक्रम बंद. मला कपड्यांच्या खोलीत चादरींच्या घड्या घालायला बसवलंय. आणि इथली म्हातारी माणसं दिवाणखान्यात भिंतीला टेकून टीव्हीकडे तोंड करून बसलीत, मी इथे यायच्या आधी बसायची तशी.

तुला वाटतं मी त्यांना फुगे देऊन टाळ्या वाजवायला लावते. एक गुरुवार येऊन बघायला हवा होतास. मी प्रत्येकाला त्याचं काम काढून देते. आमच्याकडे एक म्हातारे बस कंडक्टर आहेत. त्यांच्यासाठी मी रंगीत कागदाची तिकिटं कापते. ते पंच घेऊन हॉलभर फिरतात, 'पुढे सरका, पुढे मोकळं आहे' म्हणतात, आणि तिकीट घेतल्याशिवाय कोणाला चहा मिळत नाही. एक शिवणबाई आहेत. त्यांचा डावा हात गेलाय, पण मी कापड धरलं की उजव्या हाताने असं काजं करतात की बघत राहावं. आणि बाबांना मी शिटी दिली. खरी, पितळेची, ड्रिल मास्तराची. ते दोनदा फुंकतात आणि खुर्चीत बसलेली वीस माणसं हात वर करतात. कोपऱ्यात एक आजी असतात. त्या आठ महिने एक शब्द बोलल्या नव्हत्या. सहाव्या की सातव्या गुरुवारी बाबांच्या शिटीबरोबर त्या 'एक, दोन' म्हणायला लागल्या. त्यांची सून पायरीवर बसून रडली.

परवाच्या गुरुवारी काहीच झालं नाही. कंडक्टर तीन वेळा कपड्यांच्या खोलीच्या दारात येऊन विचारून गेले, "बाई, आज गाडी का सुटत नाही?" मी म्हटलं, "वरून तक्रार आलीय." ते म्हणाले, "प्रवाशाची का?" मी म्हटलं, "नाही. कधी गाडीत न बसलेल्याची."

मुकुटाचं म्हणशील तर तो नेहमीचाच प्रकार आहे. महिन्यातून एकदा आम्ही वाढदिवस साजरे करतो, ज्यांचा असेल त्यांना काहीतरी घालतो. बाबांचा ब्याऐंशीवा होता. तुझा फोनसुद्धा आला नाही त्या दिवशी. ते रडले ते आनंदाने. म्हाताऱ्या माणसांचे डोळे तसेही पाणावतात. यात तमाशा तुला कुठे दिसला?

उद्या चौकशी आहे. तिथे हेच सांगणार आहे. उरलेलं नंतर लिहिते.

मंगळवार

चौकशी काल झाली. टेबलापलीकडे व्यवस्थापकबाई, डॉक्टर आणि एक विश्वस्त होते. विश्वस्तांनी तुझं पत्र पुन्हा वाचलं. मी तुला लिहिलं तेच सांगितलं. नेहमीचा मुकुट, नेहमीचा वाढदिवस. बाईंना ते पटलं असतं. त्यांना हे प्रकरण मिटवायचंच होतं.

पण शिवणबाईंनी हट्ट धरला होता की मला बोलायचंय. त्यांना चाकांच्या खुर्चीतून आत आणलं. बिचाऱ्या माझी बाजू घ्यायला आल्या होत्या. म्हणाल्या, "अहो, या पोरीवर काय आरोप करता? बाकी सगळ्यांना वाढदिवसाला छातीवर कापडाचं फूल लावतात. माझ्या वाढदिवसाला मला फूलच मिळालं. सरांसाठी मात्र तिने मुकुट केला. त्यांच्या डोक्याचं माप घेतलं, सोनेरी कागद आणला, तीन दिवस माझ्याजवळ बसून टाके घातले. इतकं पोटच्या मुलीनेसुद्धा केलं नसतं."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "सगळ्यांना फूल आणि यांनाच मुकुट? का?"

दादा, तुला माहीत आहे का ते. तुझ्याशिवाय आता जगात कोणालाच माहीत नाही.

मी तेरा वर्षांची होते आणि शाळेच्या नाटकात मला राणीचं काम मिळालं होतं. बाबांना कळू द्यायचं नव्हतं. आईने त्यांच्या चोरून झगा शिवला होता. ते तू बाबांना सांगितलंस. का सांगितलंस ते मी अडतीस वर्षं स्वतःला विचारतेय. बाबा गळ्यात शिटी अडकवलेली तशीच घेऊन रंगमंचावर चढले, भरल्या सभागृहासमोर माझ्या डोक्यावरचा मुकुट काढून टेबलावर ठेवला आणि मनगटाला धरून मला मधल्या वाटेने बाहेर काढलं. कोणीतरी हसलं. तू पहिल्या रांगेत होतास. तू उठला नाहीस. नाटक संपेपर्यंत बसलास, आणि रात्री जेवताना आईला सांगितलंस की माझ्या जागी जी उभी राहिली तिने काम झकास केलं.

म्हणजे तुझी तक्रार खरी आहे. हे लिहिताना माझ्या अंगाचा तिळपापड होतोय, पण खरी आहे. तो मुकुट मी मुद्दाम केला. माझ्या मनात होतं, की एकदा चारचौघांत त्यांच्या डोक्यावर तो ठेवायचा. ते चिडतील, फाडून टाकतील, ओरडतील. मग सगळ्यांना दिसेल हे सर कसे आहेत ते. मला ते तसे बघायचे होते. अडतीस वर्षं मनातल्या मनात मी त्यांच्याशी भांडतेय. एकदा तरी त्यांनी समोरून भांडायला हवं होतं.

मी चौकशीत हे सगळं सांगितलं. सरांची मी मुलगी आहे हेही सांगितलं. शिवणबाईंचा हात तोंडावरच राहिला.

डॉक्टर म्हणाले, "मग ते चिडले का?"

चिडले नाहीत. मी मुकुट घातला तेव्हा ताठ बसले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कोणीतरी फोटो काढला. मग त्यांनी हात वर नेऊन मुकुट चाचपला, सावकाश काढला आणि बराच वेळ मांडीवर धरून बघत बसले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला म्हणाले, "बाई, हा माझा नाही. माझ्या मुलीचा आहे. तिचं नाटक आहे आज. माझ्याकडे चुकून आला. ती खोळंबली असेल. तेवढा तिला नेऊन द्या."

दोन्ही हातांनी त्यांनी तो माझ्यापुढे धरला होता. एवढ्या दोन वितींवर.

आणि मी काय केलं? 'ठेवा टेबलावर' म्हटलं आणि केक कापायला गेले.

ते तसेच हात पुढे करून बसले होते. पाच मिनिटं तरी. शेवटी कंडक्टरांनी तो घेतला आणि म्हणाले, "द्या सर, मी पोचवतो, पुढच्या स्टॉपलाच आहे." मग पुन्हा त्यांच्याच डोक्यावर वाकडातिकडा बसवला. तू पत्राला जोडलेला फोटो बहुधा त्यानंतरचा. त्यात उजव्या कडेला सुरी धरलेला हात दिसतो, तो माझा. फोटो बघून वाटेल की म्हाताऱ्याला सगळ्यांनी रडवलं. सगळ्यांनी नाही. हे मला चौकशीत सांगवलं नाही. तिथे मी 'ते रडले' एवढंच सांगितलं. तुला लिहितेय, कारण तुझ्यासमोर चांगलं दिसायची मला गरज नाही.

निकाल असा लागला. माझी नोकरी राहिली, लेखी ताकीद मिळाली. नातं लपवलं म्हणून बाबांची व्यवस्था यापुढे दुसरी मदतनीस बघेल. गुरुवार पुन्हा सुरू होतील. पण बाबांच्या बाबतीत तक्रार आहे, त्यामुळे तुझी लेखी संमती येईपर्यंत त्यांना कार्यक्रमात बसवायचं नाही. म्हणजे वीस माणसं आत आणि ज्यांच्या शिटीवर ती हात वर करतात ते बाहेर कॉरिडॉरमध्ये. वडिलांची अब्रू राखलीस हो तू.

चौकशी संपल्यावर मी त्यांच्या खोलीत गेले. आता लपवायचं काही नव्हतं. गुडघा शेकायला बसले आणि म्हटलं, "सर, मी तुमची मुलगी."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. नव्या काचेतून. म्हणाले, "नाही हो बाई. ती एवढीशी आहे." आणि पलंगाच्या कठड्यापाशी हात धरून उंची दाखवली.

मी शेक गुडघ्यावर धरला. मग त्यांनीच विचारलं, "नाटक झालं का तिचं?"

"झालं."

"नीट झालं?"

"हो. छान झालं."

"मी जायला हवं होतं," ते म्हणाले. मग म्हणाले, "शेक जरा वर घ्या."

शेक वर घेतला. दुसरं काय करणार होते? तुला वाटेल आता सगळं मिटलं, मी गळ्यात पडून रडले असेन. तसं काही नाही. माझा राग जिथल्या तिथे आहे, फक्त तो ज्या माणसावर होता तो माणूस आता भेटत नाही. त्याच्या जागी हा कोणीतरी म्हातारा आहे, तो मला बाई म्हणतो आणि सगळ्यांच्या आधी उठून स्वतःच्या अंथरुणाची घडी घालतो. याच्यावर राग काढता येत नाही. तो काढायला आता तूच तेवढा उरलास. म्हणून हे पत्र इतकं लांबलं.

सोबत संमतीचा फॉर्म पाठवतेय. दोन ठिकाणी सही करायची आहे, पेन्सिलने खूण केली आहे. दोन वर्षांपूर्वी तू भरलेला अर्ज काल बाईंनी फाइलमधून काढून माझ्यासमोर ठेवला होता. 'अपत्ये' या रकान्यात तू 'एक मुलगा' लिहिलंयस. नियम होता, समजू शकते. पण अक्षर जराही हललेलं नाही तुझं. नव्या फॉर्ममध्येही तो रकाना आहे. बाकी सगळं मी भरलंय, तेवढा कोरा ठेवलाय. तो तू तुझ्या हाताने भर.

पुढच्या गुरुवारच्या आत फॉर्म पोचायला हवा. तुला सही करायची नसेल तर तसं कळव आणि गुरुवारी चार वाजता स्वतः ये. आत वीस जण हात वर करत असतील तेव्हा कॉरिडॉरमध्ये त्यांच्याशेजारी खुर्ची टाकून बस, आणि त्यांनी विचारलं की मला आत का नेत नाहीत, तर उत्तर दे. मी देणार नाही.

वहिनींना नमस्कार सांग. मुलांना काय सांगायचं ते तूच ठरव, त्यांना आत्या आहे हे त्यांना माहीत असलं तर.

'तुझी बहीण' असं लिहायला हात धजत नाही.

बाबांची मुलगी