राण्यांची जोडी

मंगळवार, ९ ऑक्टोबर
दुकानावरची खोली

ती. दादा,

नमस्कार. मी मजेत. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? काठी वापरत जा, लाजू नकोस. इकडे दुकानात मान वर करायला फुरसत नाही. काल दिवसभर चष्म्याच्या काचा घासून बोटं बधिर झाली.

तुझी तिन्ही पत्रं पोहोचली. उत्तर देतेच, पण आधी रविवारची गंमत ऐक.

दर रविवारी दुपारी आम्ही पाचजण दुकानमालकांच्या, म्हणजे काकांच्या, स्वयंपाकघरात पोकर खेळतो. हसू नकोस. पैसे लावत नाही, शर्टाची बटणं लावतो. तुझ्या रमीसारखं नाही ते. प्रत्येकाला दोन झाकली पानं, आणि मध्ये एकेक करत पाच उघडी, ती सगळ्यांची. लावायला मर्यादा नाही. मनात आलं की समोरची सगळी बटणं पुढे ढकलायची; मग दुसऱ्याने तेवढी लावावीत, नाहीतर पानं टाकून गप्प बसावं.

आमच्यातल्या दंतवैद्यांना सगळे 'तोफ' म्हणतात. हातात काही असो नसो, गडी ढकलतोच. वर्षभर त्यांच्यापुढे मी चांगली चांगली पानं टाकली. एकदा तर दोन राजे टाकले! काका कपाळाला हात लावून म्हणाले, "अगं, हा दहातल्या सात वेळा फुकट गरजतो. तगडी जोडी आली की पळू नकोस. त्याला ढकलू दे, तू बसून राहा."

"बसून राहणंच जमत नाही, काका."

"ते दिसतंय," काका म्हणाले.

परवा मला दोन राण्या आल्या. मी बटणं वाढवली. तोफेने लगेच तिप्पट केली. मी तेवढीच लावून थांबले. मध्ये तीन पानं उघडली: एक्का, नव्वी, दुर्री. त्यांच्याकडे दुसरा एक्का असला तर एक्क्यांची जोडी मोठी, माझ्या राण्या गेल्या. आणि तोफेने खुर्ची मागे सरकवून सगळी बटणं पुढे लोटली. "बोला बाई!"

दादा, कानशिलं तापली होती. पण मनात म्हटलं, या माणसाकडे दर वेळी एक्का कुठून येणार? आणि माझी सगळी बटणं पुढे केली.

त्यांच्याकडे नव्वी आणि अठ्ठी निघाली, म्हणजे जोडी नुसती नव्व्यांची, माझ्या राण्यांहून लहान. माझं बरोबर होतं! काकांनी टेबलावर थाप मारली. चौथं पान साधं आलं. पाचवं नव्वी. तीन नव्व्या झाल्या, मी हरले.

"तुम्ही थांबलात कशा?" तोफेने विचारलं. जिंकूनही चेहरा पडला होता त्यांचा.

"माझी जोडी चांगली होती म्हणून," मी म्हटलं. घरी येताना मात्र मी गुणगुणत होते. हरून इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

मी अकरावीला जाताना तू म्हणाला होतास, "शास्त्र तुला झेपणार नाही." गणितात वर्गात पहिली होते मी, तरी अर्ज फाडून टाकला. तुझा दोष नाही काढत. तू आवाज चढवायचास आणि मी मागे व्हायचे, एवढंच.

आता तू लिहितोस, "तुझी वहिनी गेल्यापासून घर खायला उठतं, निघून ये, तिथे तुझं आहे कोण?" मी दोनदा 'बघू' म्हणून कळवलं. ते खोटं होतं. बघायचं काही उरलंच नव्हतं. काका थकलेत, दुकान मी चालवावं म्हणतात, आणि मी ऑगस्टमध्येच हो म्हटलंय. तुला सांगायची छाती झाली नाही.

मी येणार नाही, दादा.

रागाव हवं तर. चार ओळी कडक लिही, मी वाचीन. पण तू एकटा जेवतोस हे मला खुपतं. तेव्हा असं कर: गुडघा बरा झाला की महिनाभर इकडे ये. खालची खोली रिकामी आहे, एकही पायरी नाही. तुझा चष्माही दहा वर्षांचा झाला असेल. मी स्वतः काच घासून देईन.

उत्तर नाही आलं, तरी पुढच्या महिन्यात पुन्हा लिहीन.

तुझ्या धाकात वाढलेली, तरी तुझीच,
धाकटी