तीन शिक्षकांची पात्रता आणि शांतीची पेटी

रामवाडी, पेण
मंगळवार

चि. सौ. वैशाली हिस,

दामोदरचे आशीर्वाद. तुमच्या घरची मंडळी आपापल्या जागी आणि आपापल्या प्रकृतीत असतील असे गृहीत धरून लिहितो. तुमच्या अष्टमी गावच्या पुलावरून चालत रोह्याच्या बाजारात जाण्याचा हरेशरावांचा हट्ट अजून चालू असेल, तर तो त्यांच्या गुडघ्याने मोडण्यापूर्वी तू मोडावास. माझी प्रकृती ठीक आहे. रक्तदाब वेळेवर तपासतो, जेवणही वेळेवर करतो. (डब्यात पोळ्या चार येतात, दोन पुरतात. डबा देणाऱ्या बाईंना ही गोष्ट आठ महिन्यांत पटवून देता आलेली नाही.)

रविवारी तू फोनवर विचारलेस की तुझ्या ताईची, शांतीची, पेटी इथल्या संगीतशाळेला केव्हा देणार, आणि मी ‘बघू’ म्हणालो. ‘बघू’ हे उत्तर नव्हे, असे मी पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षे कनिष्ठांना सांगत आलो. तेव्हा उत्तर लेखी आणि सकारण देणे मला भाग आहे. पेटी देणार नाही. जाण्यापूर्वी तिने तुझ्यापाशी तशी इच्छा बोलून दाखविली होती हे तू म्हणतेस, ते मी खोटे मानीत नाही. परंतु ज्या मंडळींच्या हाती ती वस्तू पडावयाची, त्यांची पूर्वपीठिका तिला ठाऊक नसावी. मला ती नुकतीच अधिकृतरीत्या ठाऊक झाली आहे. ती तुझ्यापुढे ठेवतो.

प्रथम शाळा. तू ती पाहिलेली नाहीस. हैबतरावांच्या भाताच्या गिरणीवर जो माळा आहे, त्यास शाळा म्हणतात. खाली भात भरडतात आणि वर मुले सा लावतात. गिरणीचा पट्टा फिरू लागला की त्याची जी घरघर होते ती बरोबर काळी एकच्या सुरात असते, त्यामुळे तंबोऱ्याची गरज भासत नाही, असे तेथील पेटीच्या मास्तरांनी मला अभिमानाने सांगितले. (वीज गेली की मुले बेसूर होतात, हेही तितक्याच अभिमानाने.) शांती तेथे शेवटची चार वर्षे मंगळवारी आणि शुक्रवारी लहान मुलांना शिकवावयास जात असे. मी तिला स्कूटरवरून पोहोचवीत असे आणि खाली बाकावर बसून वर्तमानपत्र वाचीत असे. वर कधी गेलो नाही. कोंड्याने मला शिंका येतात. शिवाय मुलांना सा रे ग म सांगणे हा वेळ घालविण्याचा एक निरुपद्रवी प्रकार आहे, यापलीकडे त्यात पाहण्यासारखे काही असेल असे मला वाटले नव्हते.

तर गेल्या महिन्यात हैबतराव घरी आले. शाळेला दहा वर्षे होत आहेत, पुस्तिका काढावयाची आहे, तुम्ही बी. ए., तुमचे मराठी शुद्ध, तेव्हा शिक्षकांचे परिचय तुम्हीच लिहा, असे म्हणाले. परिचय चार. तिघे हयात शिक्षक आणि चौथी शांती. हे काम मी एकाच कारणासाठी स्वीकारले. तिचे नाव ज्यांच्या पंक्तीत छापले जाणार, ते कोण आहेत हे पाहणे माझे कर्तव्य होते. मी रीतसर सात रकान्यांचा नमुना तयार केला. पूर्ण नाव, जन्मगाव, शिक्षण, गुरू, परीक्षा, पूर्वीचा व्यवसाय आणि शेरा. हैबतराव नमुना पाहून म्हणाले की पाण्याच्या अर्जासारखा दिसतो. (दिसावयासच हवा. पाण्याच्या अर्जात कोणास खोटे लिहिता येत नसे.) शांतीकाकींच्या नावामागे ‘कै.’ राहिले आहे, असेही त्यांनी दाखविले. जागा कमी पडली, असे मी सांगितले.

तबल्याचे मास्तर काळुराम हे जोहे गावचे. त्यांना नमुना भरण्यासाठी पेणला बोलाविले तर गणपती आधी पूर्ण व्हायचे आहेत म्हणून ते आले नाहीत, तेव्हा एस. टी.ने मीच गेलो. मास्तर गणपतीच्या कारखान्यात आखणी करतात, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवितात. आखणी चालू असता बोलावयाचे नसते, असे मला एका बाईने खुणेने सांगितले, आणि मी, निवृत्त कार्यालयीन अधीक्षक, दीडशे बिनडोळ्यांच्या गणपतींसमोर पंचवीस मिनिटे तिष्ठत उभा राहिलो. शिक्षणाच्या रकान्यात मास्तरांनी नववी सांगितली. दहावीचे विचारता, ‘त्या वर्षी ऑर्डर मोठी व्हती’ असे उत्तर मिळाले. परीक्षा एकही नाही. मग गुरू. येथे मास्तरांनी कुंचला खाली ठेवला, उजव्या हाताने कानाची पाळी धरली आणि ‘विठूबुवा’ म्हणाले. गाणाऱ्या-वाजविणाऱ्या लोकांत गुरूचे नाव घेताना कानाला हात लावावयाची रीत आहे, हे मी जाणतो. परंतु ती थोर उस्तादांसाठी असावी, असा माझा समज होता. विठूबुवा हे भजनात मृदंग वाजवीत आणि पोटासाठी एस. टी.च्या गाड्या धूत. काळुराममास्तरांच्या बोटांना गणपतीचा गुलाबी रंग होता, तो कानाला लागला, आणि तो त्यांनी मी असेपर्यंत पुसला नाही. हे मास्तर मुलांना डग्गा कसा शिकवितात, हेही मी विचारून घेतले. साच्यात शाडू दाबतो तसा तळवा दाबावयाचा, असे सांगतात. परिचयात हे वाक्य कोठे बसवावे, तूच सांग.

पेटीचे मास्तर अब्दुल हे तुमच्याच अष्टमीचे. तुला कदाचित पाहून ठाऊक असतील. उंच आहेत, आणि कोणत्याही यंत्राजवळून जाताना थांबून कान देऊन ऐकतात. यांनी चौदा वर्षे आखातात वातानुकूलन यंत्रे दुरुस्त केली. हैबतरावांचा आग्रह असा की ‘परदेशात प्रदीर्घ कार्य’ असे लिहावे. मी ‘परदेशात यंत्रदुरुस्ती’ असे लिहिले, आणि अब्दुल यांना तेच अधिक आवडले, याचे मला आश्चर्य वाटले. परीक्षेच्या रकान्यासाठी त्यांनी एक प्रमाणपत्र आणले, ते अरबीत असून त्यावर पंख्याचे चित्र आहे. पेटी कोठे शिकलात, तर कामगारांच्या खोलीत शेजारच्या खाटेवर एक शिंपी होता त्याच्याकडे. त्याचे नाव सांगण्याऐवजी यांनी दोन्ही कान धरले आणि ‘मास्टरजी’ एवढेच म्हणाले. पूर्ण नाव विचारले तर ठाऊक नाही. गाव ठाऊक नाही. तो स्वतः कोणाकडे शिकला, तेही ठाऊक नाही. वैशाली, चौदा वर्षे एका खोलीत राहून ज्याने समोरच्या माणसास एवढेही विचारले नाही, अशा मनुष्यास काय म्हणावे, हे मला कळत नाही. मी त्या रकान्यात ‘अपूर्ण माहिती’ असे लिहिले. जाताना हे गृहस्थ मलाच बजावून गेले की काकींची पेटी बंद ठेवू नका, भात्याला हवा लागली नाही तर चामडे चिकटते, एकदा मला बघू द्या. मी दिली नाही. ज्याने आयुष्यभर थंड हवेची यंत्रे उघडली, तो पेटीही तशीच उघडणार.

आता तिसरी आणि या सर्व प्रकरणाचे मूळ असलेली व्यक्ती, कुमारी सुरभी. ही आमच्याच गल्लीच्या टोकाला राहते. वय सव्वीस, बी. कॉम., रोह्याकडील एका कंपनीत सकाळच्या शिफ्टला माल पाठविण्याच्या नोंदी ठेवते आणि संध्याकाळी माळ्यावर गाणे शिकविते. तिने नमुना स्वतःच भरला, अक्षर चांगले आहे. गुरूच्या रकान्यात लिहिले होते, ‘शांतीकाकी, रामवाडी’. मी ते लाल शाईने खोडले. माझी कारणे स्पष्ट होती. एक तर शांती तिची सहकारी. दुसरे म्हणजे परिचय लिहिणाऱ्याच्या पत्नीस गुरू म्हणणे यास लांगूलचालन म्हणतात, आणि ते मी नोकरीतही खपवून घेतले नाही. खोडलेल्या जागी ‘निरंक’ असे लिहून नमुना हैबतरावांकडे पाठविला.

शनिवारी दुपारी ही मुलगी तो कागद घेऊन घरात आली. बस म्हटले तरी बसली नाही.

“काका, माझी गुरू निरंक?” असे तिने विचारले, आणि कानाची पाळी धरून पुढे म्हणाली, “मी आठ वर्षांची होते तेव्हापासून काकींकडे शिकले. ह्याच खोलीत.”

मी तिला शांतपणे निदर्शनास आणून दिले की या खोलीत मी सदतीस वर्षे राहत आहे.

“तुम्ही सहाला यायचात,” ती म्हणाली.

त्यानंतर जे सांगण्यात आले ते असे. मी कार्यालयात असता दुपारी येथे पेटी वाजत असे. सुरभीच नव्हे, गल्लीतील आणखी तीन-चार मुली येत. पावणेसहा झाले की शांती म्हणत असे, “उठा गो, आता घराचं ऑफिस सुरू होतंय.” तुला आठवत असेल, आमचा टेलिफोन त्या पेटीवर असतो. खाली तिने विणलेला रुमाल आहे आणि त्यावर ओळीने फुले आहेत. टेलिफोन उचलून खाली ठेवीत, रुमाल काढीत, आणि शिकणे संपले की पुन्हा सर्व जागच्या जागी. टेलिफोन तिसऱ्या फुलावर असावयाचा. हे शांतीने मुलींना पाठ करून घेतले होते, कारण वस्तू हललेली मला चालत नाही. (खरे आहे. तो तिसऱ्या फुलावरून हललेला मला कधीही आढळला नाही. आढळला असता तर मी विचारले असते.) लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी एकदा म्हणालो होतो की घरात वाजविणे नको, मला फायली पाहावयाच्या असतात. माझ्या म्हणण्यात संध्याकाळ अभिप्रेत होती. शब्द माझ्याकडून मोघम गेला असावा. तो एकदाच बोललो होतो, आणि एकदा सांगितलेले पुरे व्हावे हीच माझी सर्वांकडून अपेक्षा असे.

मी सुरभीला म्हणालो की या सर्वास पुरावा नाही. तिने वाद घातला नाही. टेलिफोन उचलून खाली ठेवला, रुमालाची घडी केली, आणि न पाहता पेटीच्या मागे हात घालून भात्याची कडी काढली. (तेथे कडी आहे हे मला ठाऊक नव्हते.) वाजविले काही नाही. भाता एकदा उघडला, मिटला, त्याचा एक श्वासासारखा आवाज झाला. मग कडी लावली, रुमाल घातला, टेलिफोन न मोजता तिसऱ्या फुलावर ठेवला आणि निघून गेली. चहाही घेतला नाही. यास पुरावा म्हणता येईल की नाही, यावर मी निर्णय घेतलेला नाही.

असे हे तिघे. एकाचा गुरू गाड्या धुणारा, दुसऱ्याच्या गुरूला नाव नाही, आणि तिसरीचा गुरू माझ्या गैरहजेरीत माझ्याच घरात. एकाही रकान्यात छापण्यासारखी परीक्षा नाही. अशांच्या स्वाधीन शांतीची पेटी करावी, असे तू तरी म्हणशील काय? ती येथेच, तिच्या जागी, टेलिफोनखाली राहील. या विषयावर पुन्हा फोन करू नये.

हरेशरावांना नमस्कार. गुडघ्याचे पाहावे.

तुझा भाऊजी,
दामोदर

ता. क. पुस्तिका पुढच्या शुक्रवारी छापावयास जाते. तिघांचे परिचय पूर्ण आहेत. (सुरभीच्या कागदावरील ‘निरंक’ खोडून मूळ मजकूर कायम केला आहे. अब्दुल यांच्या कागदावरील ‘अपूर्ण माहिती’ हेही काढले. ‘मास्टरजी’ पुरेसे आहे.) चौथा राहिला आहे. नाव, जन्मगाव, शिक्षण हे लिहून झाले, आणि गेले अकरा दिवस मी चौथ्या रकान्याशी थांबलो आहे. शांतीला पेटी कोणी शिकविली? लग्नापूर्वी अष्टमीत कोणी होते काय? सदतीस वर्षांत हा प्रश्न मी तिला विचारला नाही. तू धाकटी, तुला आठवत असेल. पुढच्या गुरुवारपर्यंत कळव. त्यासाठी फोन केलास तरी चालेल.

ता. क. दुसरा (गुरुवार). फोन बराच वेळ वाजू द्यावा. तो आता स्वयंपाकघरात आहे. पेटी काल हैबतरावांच्या टेम्पोने माळ्यावर गेली. वर लिहिलेली कारणे अद्याप खरी आहेत, फक्त अब्दुल म्हणाले ते चामड्याचे मला तपासून पाहता येईना. आज वर जाऊन आलो. पेटी ते बरी पुसतात. शिंका आल्या.

ता. क. तिसरा. समारंभात परिचय मीच वाचून दाखवावेत असे ठरले आहे. तेव्हा तिच्या गुरूचे जे काही नाव असेल ते लिहिताना, ते नाव घेताना ती कोणता कान धरीत असे, तेवढे न विसरता लिही.