साखरेच्या पाण्यात काटा हलला

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुला पत्र लिहिणं म्हणजे वेळ वाया घालवणं आहे. तरी लिहिते आहे. आज शेजारच्या मुलीला अणू एकमेकांना कसे धरून राहतात ते शिकवताना मला आपलं म्हैसूरचं स्वयंपाकघर आठवलं आणि मध्येच हसू फुटलं. मला हसताना पाहून ती पोर घाबरली.

पीयूसीचा, म्हणजे बारावीचा, निकाल लागला होता. मला बी.एस्सी. करायचं होतं आणि अप्पांना मी त्यांच्या शिवणाच्या दुकानात दुसऱ्या मशीनवर हवी होते. "अणू म्हणे! कुणी पाहिलाय?" हे त्यांचं रोजचं. शेवटी मीच चिडून म्हटलं, रविवारी घरात दाखवते, पटलं नाही तर सोमवारपासून मशीनवर बसते. आदल्या दिवशी तुझ्यावर तालीम केली. तू दोशाचं पीठ वाटते आहेस, मी समोर उभी राहून भाषण देते आहे. मिठातल्या सोडियमजवळ बाहेरच्या बाजूला एकच इलेक्ट्रॉन असतो, तो देऊन टाकतो. क्लोरीनला एक कमी पडतो, तो घेतो. देणाऱ्यावर धन भार येतो, घेणाऱ्यावर ऋण, म्हणून ते एकमेकांना ओढून धरतात. पाण्यात पडले की सुटे होतात आणि त्यांच्यामार्फत वीज वाहते.

"आणि साखर?"

"तिथे कुणी कुणाला देऊन टाकत नाही. शेजारच्या दोन अणूंचे इलेक्ट्रॉन सामाईक. पाण्यातही ते अणू सुटत नाहीत, भार नाही, म्हणून वीजही नाही."

"म्हणजे तुझ्या काकूचा आणि माझा हा वाटायचा दगड, हा कल्लु, एकच, म्हणून आम्ही वेगळ्या राहत नाही, तसं?"

"तसंच."

"अय्यो, पण तुझ्या काकूला साखर म्हणू नको गं!"

रविवारी अप्पा पाटावर बसले. आमच्या मॅडमनी एका दिवसापुरतं दिलेलं मीटर, बॅटरीचे सेल, तारा आणि बाटलीतलं शुद्ध पाणी मी मांडलं. मी तारा जोडत होते, तेवढ्यात तू तेच पाणी घेऊन दोन वाट्यांत मीठ आणि साखर विरघळवून दिलीस. मिठाच्या पाण्यात काटा टोकाला गेला. "आता साखर. काटा जागचा हलणार नाही," मी ऐटीत म्हटलं आणि तारा धुऊन पुसून बुडवल्या. काटा हलला. चांगला अर्ध्यावर जाऊन थांबला.

अप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "साकु, साकु! पुरे झालं. उद्या सकाळी नऊला दुकानात ये. काजं करायला शीक आधी."

मी तारा काढल्या नाहीत. "अप्पा, रसायनशास्त्र चुकलेलं नाही, हे पाणी चुकलंय," असं मी ओरडले, वाटीत बोट घातलं आणि चाटलं. मग तुझ्याकडे पाहिलं. तू चुलीकडे तोंड करून उभी होतीस.

"आई, यात मीठ घातलंस?"

"चिमूटभरच गं. गोडात घालतेच की मी. हात आपोआप गेला."

मी नवी वाटी घेतली, स्वतः घासली, तारांच्या टोकांसह शुद्ध पाण्याने विसळली आणि नुसती साखर विरघळवली. काटा शून्यावर, जणू झोपलाय. अप्पा खाली वाकून बराच वेळ बघत राहिले. मग तुला म्हणाले, "चिमूटभर मीठ हिने पकडलं. दुकानात बसवली तर रोज माझ्याच चुका पकडेल. जाऊ दे कॉलेजात."

पुढे मी आयुष्यभर हेच शिकवलं. पोरं मला भ्यायची, म्हणायची मॅडमचा आपल्या विषयावर केवढा विश्वास. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, तेव्हा तुला खरं सांगायला हरकत नाही. त्या दिवशी मी विश्वासाने ओरडले नव्हते. काटा हलला तेव्हा मला वाटलं होतं की पुस्तकच चुकलं. मी ओरडले ते काजांच्या भीतीने.