न ओघळलेला चहा

प्रिय मितेश,

फोन उचलत नाही म्हणून चिडू नकोस. मला हे लिहूनच सांगायचं आहे.

तुमच्या वज्रेश्वरीच्या घरी पूजेला तुझ्या आईंनी माझ्या कपात चहा उंचावरून ओतला. परतताना बाइकवर तू म्हणालास, "आईची सवयच आहे गं, उगाच मनाला लावून घेऊ नकोस." मी मनाला लावून घेतलं नव्हतं. पाहिलं होतं. दापोड्याच्या कंपनीत मी तेलाच्या कॅनची तोंडं डिझाइन करते. धार कुठे सुटते आणि कुठे ओघळते, हे बघण्याचाच मला पगार मिळतो.

द्रव हळू ओतला की तोटीच्या ओठाला चिकटतो, वळतो आणि खालच्या बाजूने मागे येतो. जोरात ओतला की सुटून पुढे पडतो. तुमच्या किटलीचा ओठ जाड आहे, म्हणजे ती ओघळणारच. तुझ्या मित्राच्या, कुणालच्या कपाला आईंनी तोटी जवळजवळ टेकवली, सावकाश ओतला. चहा त्यांच्या मनगटावर आला. "मेली किटली!" म्हणत त्यांनी पदराला हात पुसला आणि माझ्याकडे वळल्या. "भिवंडीची म्हंजे कुठली गं? आडनाव काय तुझं?" मी सांगितलं. "बरं हाय," म्हणाल्या. किटली वीतभर वर गेली, एकदम कलली. एक थेंब ओघळला नाही. माझ्यानंतर तुझा कप. तोटी पुन्हा खाली, मनगट पुन्हा ओलं. किटली तीच, चहा तोच, हातही तोच. सवय असती तर तुम्हा दोघांनाही वरूनच मिळाला असता.

माझ्या आईला सांगितलं तर ती हसली. "कपात तरी दिला ना? तुझ्या आजीला पाणीसुद्धा वरून ओंजळीत मिळायचं." मला हा हिशेब मान्य नाही. आणि तुझ्या आईंपेक्षा मला राग तुझाच जास्त आला. त्यांनी केलं ते उघड केलं. तू त्यावर पांघरूण घातलंस.

काल तुझा मेसेज आला. साखरपुड्याला आई तयार आहेत. फक्त पाहुण्यांत मला 'दीना' म्हणायचं, आणि आडनाव कुणी विचारलं तर विषय बदलायचा. नाही. माझं नाव धम्मदिना आहे. माझे आईबाबा हॉलमध्ये पूर्ण नावानिशी येतील, नाहीतर आमच्याकडून कुणीच येणार नाही. फोनवर बोलले असते तर तू आईंना अर्धंच सांगितलं असतंस. म्हणून हा कागद. त्यांच्यासमोर बस आणि मोठ्याने वाच, पहिल्या ओळीपासून.

वाचलंस तर तुझीच,
धम्मदिना